उताराला उतरणारे मामा

कुरकुंभला नोकरीत होतो, तेव्हा सुट्टीच्या सकाळी कालव्याच्या कडेनं तळ्यापर्यंत उगीच सायकल फिरवायचो. वाटेत एक म्हातारे मामा हमखास दिसायचे. चढाला धापा टाकत पायडल मारायचे आणि तळ्याकडचा उतार आला की उतरून चालायचे. कॅरिअरवर गोधडीची घडी बांधलेली.

एकदा विचारलंच, “मामा, फुकटचा उतार सोडता व्हय?”

“मंडळी भित्यात.”

मी मागं पाहिलं. कुणीच नव्हतं.

“आता न्हाईत त्या,” गोधडी सारखी करत ते म्हणाले. “पर त्यांच्यासंगं ह्यो उतार सायकलीवर बसून कवा मारला न्हाई, आता एकट्यानं कसा मारू?”

आता कधी तिकडं गेलो की त्या उताराला मी मोटारसायकल हळू करतो. आमची मंडळी मागून म्हणते, “अहो, चला की जोरात!”

मी आणखी हळू करतो.