दोन मार्कांची नदी

सावनेरजवळच्या शाळेत गोपिकाबाईंनी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेही मराठीतून. कर्ता शोधा, क्रियापद शोधा. कवितेत निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की तिच्याखाली रेघ मारा, ‘पर्सोनिफिकेशन’ लिहा, दोन मार्क घ्या. असं का म्हटलंय, हे पेपरात येत नसे, म्हणून वर्गातही येत नसे. पोरं पास होत. मग पटावर अकराच उरली आणि शाळा बंद पडली.

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरातून गोपिकाबाई धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला निघाल्या, तेव्हा नवरा, महादेवराव, म्हणाले, “तिथं मराठीत नको सुरू होऊ वं. गाडी घसरते तुही.”

“काहून भेव दाखवून राहिले जी सकाळी सकाळी?” त्या हसल्या. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी याच्यानंतर कोणी वर्गात उभं करणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वर्गात घोकलेली इंग्रजी वाक्यं एकामागून एक नीट आली. कवितेतली नदी वाळूखाली झोपली होती. बाईंनी रेघ मारली, नाव लिहिलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या गार्गीनं इंग्रजीत विचारलं, “मॅम, आटली असं सरळ का नाही म्हटलं? झोपली का?”

बाईंना उत्तर येत होतं. लहानपणी मे महिन्यात कोलार नदीच्या पात्रात आईसोबत त्यांनी हातानं वाळू उपसली होती. कोपरभर खोल गेलं की गार ओल लागायची, मग पाणी जागं झाल्यासारखं सावकाश वर यायचं. आई म्हणायची, ढवळू नको, येऊ दे त्याले. मराठीत त्या तासभर बोलल्या असत्या. इंग्रजीत एक वाक्य जुळेना.

“पर्सोनिफिकेशन,” त्या म्हणाल्या. “टू मार्क्स.”

वर्ग हसला. गार्गी हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं.

मुख्याध्यापिका अरुंधती मॅडम केबिनमध्ये फार सौम्यपणे बोलल्या. “शिकवायची जागा नाही देता येणार, बाई. पण आमच्या हुडकेश्वरच्या बसमध्ये मुलींसोबत एक मावशी हव्या आहेत. रागावू नका, सुचलं म्हणून बोलले.”

गोपिकाबाईंनी मांडीवरची प्रमाणपत्रांची फाईल मिटली. तिची नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

“बस सकाळी किती वाजता निघते?” त्यांनी विचारलं.