बेसमेंटमधलं वाळवंट

माझ्या बायकोचे मामा हे पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असावेत, जे कोणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी भिंतींची ख्यालीखुशाली विचारत. आपण दार उघडावं, "या मामा" म्हणावं, आणि त्यांनी एका हातानं बूट ओढत दुसऱ्या हाताचं बोट वाकवून भिंतीवर टकटक करावं. मग कान लावून ऐकायचे, आणि परमुलखात अचानक गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा फुलायचा. "जिप्सम!" ते म्हणायचे. "आमच्याकडचा माल." कॅनडातल्या घरांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जाड कागदाच्या दोन थरांमध्ये दाबून बसवलेल्या जिप्समच्या असतात, आणि मामा तरुणपणी राजस्थानच्या वाळवंटात जिप्समच्या खाणीवर इंजिनियर होते, एवढाच काय तो संबंध. सस्काटूनच्या भिंतीत राजस्थानचं जिप्सम कुठून येणार, असं मी एकदा पुणेरी आगाऊपणानं विचारलं. मामा कनवाळूपणे म्हणाले, "जावईबापू, नातं जुळायला एकाच गावचं असावं लागतं का? तुम्ही पुण्याचे, आम्ही नागपूरचे. आम्ही काही बोललो?"

त्या खाणीभोवती तेव्हा एक वसाहत उभी राहत होती आणि तिची आखणी या पोरसवदा इंजिनियरच्या गळ्यात पडली होती. ज्या वयात मला स्वतःची खोली आवरता येत नव्हती, त्या वयात मामा गाव वसवत होते. सकाळी फक्कीच्या रेघा मारून बाजारपेठ आखायची, संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं ती पुसून टाकायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आखायची. "रोज नवीन गाव मिळायचं हो," असं ते सांगायचे, जणू हा त्या नोकरीतला भत्ताच. तरी हळूहळू काही क्वार्टर्स उभी राहिली, शाळा झाली, गेस्ट हाउस झालं, पाण्याची टाकीसुद्धा झाली. फक्त पाणी झालं नाही. ते टँकरनं यायचं. पाइपलाइन येणार होती. त्या गावातलं प्रत्येक वाक्य म्हणे "पाइपलाइन आली की" असंच सुरू व्हायचं. पाइपलाइन आली की बाग, पाइपलाइन आली की मुलीचं लग्न. पाइपलाइन आली नाही; खाणीतला मालच संपत आला. एकेकाची बदली झाली आणि शेवटी मामा-मामी सस्काटूनला, पोटॅशच्या खाणीवर आले. पुढे पेन्शनीत निघाले, पण त्या गावाबद्दल मात्र ते कायम "होईल", "येईल" असंच बोलत. ते गाव त्यांच्या लेखी ओस पडलेलं नव्हतं, अजून पुरतं वसायचं होतं.

मी दोन हजार पंधराच्या सुमाराला इथे नवा आलो, तेव्हा दर रविवारी मामा मला गाडीत घालून गावाबाहेर नेत. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत बर्फ. मामा हीटर मंद करायचे, गाडीही मंद करायचे. "हेही वाळवंटच," ते पुटपुटायचे, "फक्त भाजलेलं नाही." मग काच खाली करून, माझे कान गोठत असताना, त्या शुभ्र पोकळीकडे बोट दाखवायचे. "इथे चौक. तिथे शाळा. पलीकडे बाजार, पण सावलीत." मी नवखा. मला वाटलं, सिटीचा काही प्लॅन मंजूर झालाय आणि मामांना आतली खबर आहे. सोमवारी मी ऑफिसात, अगदी कानात सांगावं तसं, ही बातमी सांगितली. एका कलीगनं तिथल्या शेतकऱ्याला गाठून जागेचा भाव विचारला. शेतकऱ्यानं त्याला चहा पाजला आणि डॉक्टरचा नंबर दिला. तो कलीग लंचला अजून वेगळ्या टेबलावर बसतो.

मामी गेल्या, त्यानंतर गाव बेसमेंटमध्ये उतरलं. टेबल टेनिसच्या जुन्या टेबलावर मामांनी अख्खी वसाहत उभी करायला घेतली. सामान कसलं, तर ज्या घरी रिनोव्हेशन चाललं असेल तिथल्या कचऱ्यातले ड्रायवॉलचे तुकडे. मी त्यांचा गवंडी. मी बांधलेली शाळा पाया वर आणि छप्पर खाली अशी चिकटली. मामांनी ती तशीच ठेवली. "हेडमास्तर तसेच होते," ते म्हणाले. सगळं झालं, पण जमीन राहिली होती. ती सगळ्यात शेवटी पसरायची होती, कारण ती अस्सल होती. गाव सोडताना मामींनी लोणच्याच्या बरण्या फुटू नयेत म्हणून लाकडी खोक्यात तिथल्याच वाळूत रोवून बोटीनं पाठवल्या होत्या. बरण्या धडधाकट आल्या. लोणचं त्याच थंडीत संपलं, वाळू मात्र मामींनी चाळून बादलीत भरून ठेवली. "बायका दागिने आणतात, मी अंगण आणलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ती बादली इतकी वर्षं मागच्या दारापाशी झाकून होती.

मग मामांच्या मुलीनं फर्मान काढलं. "बाबा, इनफ. तुम्ही कोक्विटलामला आमच्याजवळ यायचं. किती दिवस एकटे बर्फ शोव्हल करणार?" तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामच्या तिच्या कॉन्डोला, म्हणजे फ्लॅटला, बेसमेंट नाही. मामांनी वाद घातला नाही, एकच अट घातली: "एकदा गावात पाणी येऊ दे, मग निघतो." घर विकायला निघालं. रिअल्टर बाईंनी जाहिरातीत 'अनडेव्हलप्ड बेसमेंट' असं छापलं, तेव्हा मात्र मामा आयुष्यात पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. "अनडेव्हलप्ड? शाळा आहे, टाकी आहे, चौकात पारसुद्धा आहे!"

घर बघायला लोक यायचे होते त्या दुपारी मामांना मुद्दाम लायब्ररीत पाठवलं होतं, नाहीतर त्यांनी गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवले असते. घर सांभाळायला मी. आदल्या दिवशी बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, पायऱ्या नुसत्या काच झालेल्या. रिअल्टर बाई दारातून ओरडल्या, "भाईसाब, स्टेप्स पे आइस है! थोडा सँड डाल दो, कोई गिर जाएगा!" मी तत्पर माणूस. माझी तत्परता बायकोला ठाऊक आहे, म्हणून ती मला घरात फारसं काही सांगत नाही. मागच्या दारापाशी वाळूची बादली होतीच. इथे कोणाच्याही दारात असते, म्हणून दुसरं काही डोक्यात न येता मी झाकण न बघताच उडवलं. मी मुठी भरभरून, तुळशीपुढे रांगोळी घालावी तशी, ती पायऱ्यांवर आणि थेट फुटपाथपर्यंत पसरली. लोक आले, गेले. बादली जागेवर ठेवायला गेलो, तेव्हा खाली पडलेलं झाकण दिसलं. त्यावर मामींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अंगण'.

 मी धावत बाहेर जाऊन नखांनी वाळू खरवडू लागलो. ती बर्फात गच्च रुतली होती. त्याच पोजमध्ये, गुडघ्यावर, मी मामांना सापडलो. त्यांनी रिकामी बादली पाहिली, पायऱ्या पाहिल्या. खाली वाकले, हातमोजा काढून बोटानं एक कण दाबून पाहिला. 

"कोणी पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामा."

"कितीजण आले होते?"

"बरेच. एक म्हातारी आजीही होती."

"तीही नाही पडली?"

"नाही."

मामा सावकाश सरळ झाले. "मग असू द्या, जावईबापू. आमच्या त्या वाळूत कोणाचा पाय टिकला नाही. आज तिनं पहिल्यांदाच लोकांना धरून ठेवलं." आणि तेही तिच्यावर पाय देत, कठड्याला हात न लावता, वर आले.

पण गाव उघड्या टेबलावर राहून कसं चालेल? माझ्या बायकोनं तोड काढली. "रवा," ती म्हणाली. "मंद भाजला की रंग अगदी तसाच येतो." तिनं भली मोठी कढई भरून रवा भाजला. मामांनी तो चाळणीतून असा पसरला की क्वार्टर्सच्या भिंतींशी वाऱ्यानं लावून ठेवल्यासारखे छोटे ढीग झाले. बेसमेंटच्या चिंचोळ्या खिडकीतून दुपारचं ऊन त्यावर तिरपं पडलं आणि क्षणभर मलासुद्धा तहान लागली. मग पाइपलाइन. प्लॅस्टिकच्या बारीक नळीत मामांनी कपानं पाणी ओतलं. ते टाकीत चढलं, टाकी भरली आणि वाहिली. शाळेपासून चौकापर्यंत पाणी गेलं. आणि भाजलेल्या रव्याचा जो धर्म, तो त्यानं पाळला. जमीन हळूहळू फुगू लागली. बाजारपेठ वर आली, गेस्ट हाउस कललं. मी घाबरून टॉवेल शोधायला धावलो, तर मामांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"थांबा. बघा तरी. ओल धरतेय!"

घराच्या चाव्या देण्याआधी मामांनी शहरातल्या मराठी मंडळींना चहाला बोलावलं आणि वाळलेल्या गावातलं एकेक क्वार्टर एकेकाच्या हाती ठेवलं. "तुमची बदली झाली," प्रत्येकाला सांगायचे, "सामान लावून घ्या." मी ओंजळ पुढे केली, तर मला गेस्ट हाउस मिळालं. "जावयाला क्वार्टर देत नसतात," ते म्हणाले. चौकाच्या उजवीकडचं, दारात पायरी असलेलं एक क्वार्टर मात्र त्यांनी मफलरमध्ये गुंडाळून स्वतःच्या हँडबॅगेत घातलं. ते कोणाचं, हे विचारावं लागलं नाही.

कोक्विटलामहून पोचल्याचा फोन आला तो दुसऱ्याच दिवशी. तिथे पाऊस आहे, म्हणाले, सारखा, कोणी न मागता. कॉन्डो बरा आहे. पण बाहेरची भिंत काँक्रीटची निघाली, आवाजच देत नाही. त्यांचा स्वर जरा उतरला होता. "दुसऱ्या खोलीतली बघा ना, मामा," मी म्हणालो. पावलं ऐकू आली, सावकाश, फरशीवरून.  आणि मग दुरून, पण अगदी स्पष्ट: टक, टक.

 फोन कानाशी तसाच धरून माझ्या भिंतीपाशी गेलो, बोट वाकवलं आणि उत्तर दिलं.