चारचे सहा

मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांच्या अ‍ॅपचं लॉगिन आम्ही सांभाळतो. कोणाला कधी आत सोडायचं, याचे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले असतात. ती फाइल चालवली की सिस्टिम तिच्याप्रमाणे होते. कोणी हाताने केलेला बदल पुसला जातो.

एका भाजीव्यापाऱ्याचा फोन आला, "अहो, गाड्या पहाटे चारला येतात आणि तुमचं लॉगिन सहाला उघडतं. भाजीला तुमच्या ऑफिसची वेळ कळवलीत का?" त्यांचं म्हणणं पटलं. मी थेट स्क्रीनवर सहाचे चार केले. फाइलमध्ये लिहायचं राहिलं.

पुढच्या आठवड्यात प्रोबेशनवर असलेल्या सहकारी मुलीने फाइल चालवायला घेतली. काय बदलणार, ते सिस्टिम आधी दाखवते. तिने मला फोन केला, "सर, चारचे सहा होतील म्हणतंय. करू?" मी कोथरूडच्या सिग्नलला स्कूटरवर होतो. नीट न ऐकताच "कर" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे व्यापारी बाहेर अडकले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी चालवली." माझ्या होकाराबद्दल चकार शब्द नाही. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तिचं नाव या गोंधळाच्या अहवालातून काढलं.

बाहेर आल्यावर मी माफी मागत राहिलो. ती म्हणाली, "सर, माफी पुरे. ते चार आधी फाइलमध्ये लिहा, नाहीतर उद्या पुन्हा सहा."

मी लिहिलं. तिने शेजारी बसून ते वाचलं आणि मगच फाइल चालवली.