थर्ड बेसवरच्या आजी

‘डिपेंडंट’. व्हिसावरचा तो शब्द वाचला की माझं डोकंच फिरायचं. २००४ साली नवऱ्यामागे अमेरिकेत हर्नडनला आले, आणि नोकरी करायची परवानगी नाही! दुपार खायला उठायची, म्हणून मी मागच्या पार्कात जायचे. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एक अमेरिकन आजी मुलींना बेसबॉल शिकवायच्या.

गुडघे दुखायचे, तरी त्या बसायच्या नाहीत. कायम थर्ड बेसपाशी उभ्या. मुलगी तिथवर धावत आली की हात पवनचक्कीसारखा गोल फिरवायच्या. म्हणजे थांबू नकोस, पळ, पुढच्या बेसला पोचलीस की रन!

एकदा सगळ्या मुली घरी गेल्यावर मी विचारलं, “तुम्ही स्वतः खेळायचात?”

“पगार घेऊन खेळायचे! बायकांची लीग होती तेव्हा. स्कर्ट घालून खेळायला लावायचे मेले. घसरलं की मांड्या सोलून निघायच्या.” त्या बेसकडे बघत राहिल्या. “शेवटच्या मॅचला मी थर्डवर होते, रनला एकच बेस बाकी. पुढची बॅटर आउट झाली, मॅच संपली. त्या हिवाळ्यात लीगच बंद पडली. नंतर बँकेत नोकरी केली, मुलं वाढवली, कोच झाले. पण अजून वाटतं, मी तिथेच उभी आहे.” मग म्हणाल्या, “तू काय करतेस?”

“पुण्यात प्रोग्रॅमर होते.”

त्या पुन्हा थर्ड बेसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी निघाले. फाटकाशी वळून पाहिलं, तर त्यांचा हात जोरजोरात गोल फिरत होता.

मैदानात एकही मुलगी नव्हती.