काकाजींचा कोशाचा फिल्टर

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी, आंधळगावहून वरठीच्या रेल्वे स्टेशनकडे निघालेली एक काळी डिझेल मोटार मोहाडी ओलांडल्यावर बंद पडली. गाडी काकाजी चालवत होते. शेजारी काकीजी होत्या. मागे त्यांची मुलगी विमल होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याच दुपारी नागपूरला तिची मुलाखत होती. तिच्या बाजूला मी होतो. काकाजी प्रत्येक प्रवासात धक्का मारण्यासाठी एक माणूस जास्तीचा घेत. त्या दिवशी ती जागा मला मिळाली होती.

काकाजी आमचे शेजारी. नाते काही नव्हते. आंधळगावात कोशाच्या कापडाचे त्यांचे दुकान होते आणि दुकानामागे माग चालत. कोसा म्हणजे रानातल्या किड्याच्या कोषातून निघणारे रेशीम. काकाजींच्या मते ते नेसण्यासाठी नव्हे, गाळण्यासाठी निर्माण झाले होते. त्यांच्या घरी पाणी कोशातून गाळत, दूध कोशातून गाळत, काढा आणि गोडेतेलही. "जे कोशातून गेलं, ते शुद्ध झालं," हे वाक्य ते गिऱ्हाईक दिसताच म्हणत. एका पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली आणि काकाजींचे सगळे घर अंथरुणाला खिळले. काकाजींनी दोष लोट्याला दिला.

मोटार त्यांनी भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. तिचे मूळ पेट्रोलचे इंजिन काढून कोणीतरी डिझेलचे बसवले होते, त्यामुळे ती आली आहे हे ती दिसण्याच्या बरेच आधी कळे. मोहाडीचा मिस्त्री तिची देखभाल करी. डिझेलचा फिल्टर बदलायला झाला आहे, असे त्याने काकाजींना अनेकदा सांगितले. काकाजींनी फिल्टर पाहिला. तो कागदाचा होता.

"कागदानं गाळतेत का?" काकाजी म्हणाले. "कागदात भजे बांधतेत."

घरी येऊन त्यांनी फिल्टरचा कागद फाडून टाकला आणि आतल्या भोकाभोकांच्या नळीवर मागावरून नुकतेच उतरलेले कोशाचे कापड गुंडाळले. मागावर चढवण्याआधी सुताला भाताच्या मांडाची खळ देतात. कापड धुतले की ती निघते. धुऊन तरी घ्या, असे काकीजींनी सुचवले. "कोरा कपडा देवाले चालते, गाडीले काहून नाही चालनार?" असे काकाजींनी विचारले. या सुधारणेची माहिती पुढचा महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मिळाली.

विमलला त्यांनी कधी नाही म्हटले नाही. ते हो म्हणत आणि विषय बदलत. नर्सिंगचा अर्ज भरला तेव्हा ते हो म्हणाले आणि तिला घराण्यातल्या लग्नांच्या गोष्टी सांगू लागले. मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा हो म्हणाले आणि मागांविषयी बोलू लागले. "सकाळच्या एस.टी.नं जाऊ दे ना मले," असे विमल आठवडाभर म्हणत होती. काकाजींचे उत्तर ठरलेले होते: "घरी मोटार असून आपली पोरगी एस.टी.त उभी राहून जाईन? लोक काय म्हनतीन?"

त्या सकाळी गाडी मोहाडीपर्यंत आली, मग आचके देऊ लागली आणि थांबली. मी धक्का मारला. काकाजींनी निदान केले, "गाडी अजून थंडी हाय." मे महिना होता. मोहाडीकडे जाणाऱ्या एका सायकलवाल्याबरोबर मिस्त्रीला निरोप गेला. तो आला, तंबाखू मळली, बॉनेट उघडले आणि फिल्टरचे भांडे खोलले. आतून त्याने एक ओली चिंधी चिमटीत धरून वर काढली.

"काकाजी, ये फिल्टर नही, रुमाल है."

"असली कोसा हाय तो," काकाजी म्हणाले.

मिस्त्रीने भांड्याच्या तळाशी बोट फिरवले. टाकीत साचलेल्या पाण्याने कापडाची खळ सुटली होती आणि भांड्यात चिकट लगदा झाला होता. "मांड हाय हा. तुम्ही इंजनले मांड पाजून राहिले."

"किती वेळ लागन?" विमलने विचारले.

"टाकी खाली करा लागन, पाइप फुका लागन, नवा फिल्टर लावून हवा काढा लागन. बाई, तुमची रेल्वे काही भेटत नाही."

तेवढ्यात तुमसरकडून भंडाऱ्याला जाणारी एस.टी. दिसली. विमल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हात केला. बस थांबली.

"जागा नाही, उभं राहा लागन," कंडक्टर म्हणाला.

"पोरी, थांब, आता होते," काकाजी म्हणाले.

"तुम्ही हवा काढा बाबा, मी जाऊन राहिली," विमल म्हणाली आणि चढली. काकीजींनी खिडकीतून तिच्या हातात डबा दिला. भंडाऱ्याहून नागपूरच्या बस मिळत.

मिस्त्रीने टाकीचे डिझेल रॉकेलच्या डब्यात सोडले. त्याबरोबर गाळ आला, पाणी आले आणि मांडाच्या गाठी आल्या. पाइप त्याने आधी तोंडाने फुंकले. डिझेलची चव घेऊन झाल्यावर त्याला सायकलचा पंप आठवला. मग नव्या फिल्टरचा प्रश्न आला. तो मोहाडीहून आणावा लागेल असे ठरत होते. मी पाना शोधायला डिकी उघडली. स्टेपनीमागे एक पुठ्ठ्याचा डबा होता. त्यात नवा, कागदाचा फिल्टर होता.

"हा तर म्याच देल्ला होता काकाजीले," मिस्त्री म्हणाला. "मागच्या हप्त्यात. पोरीले घेऊन जायच्या आधी लावून घ्या, म्हनलो होतो."

काकीजी झाडाखाली बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या. "अजी, मंग लावला काहून नाही?"

नवा फिल्टर बसला आणि डब्यातले वरचे निवळलेले डिझेल टाकीत परत गेले. काकाजींनी इंजिनावरच्या छोट्या हातपंपाचा ताबा घेतला. हवा काढण्याचा स्क्रू ढिला केला की पंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसते डिझेल. नुसते डिझेल येऊ लागले तरी काकाजी पंप मारत होते.

"झालं, काकाजी," मिस्त्री म्हणाला.

"अजून हवा हाय," काकाजी म्हणाले.

गावात याविषयी दोन मते होती. एका मतानुसार काकाजींचा कोशावर खरोखरच तेवढा विश्वास होता. दुसऱ्या मतानुसार पोरगी नागपूरला पोचू नये, अशी त्यांची इच्छा होती. दोन्हींना पुष्टी मिळाली नाही. मी त्यांना एकदा सरळ विचारले. त्यांनी मला चहा पाजला.

विमल मुलाखतीला वेळेत पोचली आणि निवडली गेली. काकाजी गावात सांगत की एस.टी. आपणच थांबवली.

पावसाळ्यात ती शिक्षणासाठी निघाली. काकाजींनी टाकी पुन्हा धुऊन घेतली होती आणि कागदाचा आणखी एक फिल्टर आणून ठेवला होता. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत होती. विमलने गाडीत बसायला नकार दिला. बरीच बोलणी झाल्यावर तिची पेटी मोटारीने आणि ती एस.टी.ने असे ठरले. दोघीही वरठीला वेळेत पोचल्या. काकाजींनी पेटी डब्यात चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरले. रेल्वे सुटली. काकाजी परत येऊन गाडीत बसले. गाडीत काहीही बिघाड नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी ती सुरू केली नाही.