चढत्या क्रमाने वाचलेले मार्क

प्रोफेसरांनी मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं. त्या उत्तरामुळे एका बाईचं वर्ष वाया गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सवय, अज्ञान, परका देश असे शब्द येतील आणि वाचणाऱ्याला माझी कणव येण्याचा संभव आहे. सवय आणि अज्ञान हे माझ्या पहिल्या चुकीपुरतं खरं आहे. दुसरी चूक मी पूर्ण समजून उमजून केली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला गेलो. फी माफ, वर हातखर्चापुरता पगार, आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. मोठं लेक्चर प्रोफेसर देत. मग लेक्चरला बसणाऱ्या तीनशे मुलांचे लहान गट पडत आणि प्रत्येक गटाला आमच्यासारखा एकजण फळ्यावर उदाहरणं सोडवून दाखवी, पेपर तपासून देई. आम्हाला टीए म्हणत.

त्याआधी वर्षभर मी पुण्यात एका कॉलेजात शिकवलं होतं, त्यामुळे शिकवणं आपल्याला येतं असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यातच तो डळमळला. मुलं टोप्या घालून बसत. समोरच्या खुर्चीवर पाय टाकत. एक मुलगी रोज वर्गात सँडविच खाई, आणि तोंडातला घास न संपवता अगदी नेमका प्रश्न विचारी. मी आत आलो की कोणी उठत नसे, मी बाहेर पडलो तरी कोणाला पत्ता नसे. यात अपमान नाही हे मला कळत होतं, पण अंगवळणी पडत नव्हतं. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जात असे आणि परत येताना कॅम्पसच्या बसमध्ये बाहीवरचा खडू झटकत असे.

घरी माझा रूम पार्टनर नागपूरचा होता, मेकॅनिकलचा. एक दिवस तो भात लावी, एक दिवस मी. तूरडाळ आणि मसाले गावात मिळत नसत. कोणाची गाडी पिट्सबर्गला निघाली की सगळ्यांच्या पिशव्या तिच्यात जात.

माझ्या गटात एक बाई होती. वय चाळीसच्या पुढे. गावातल्या हॉस्पिटलात ती वॉर्डात मदतनीस होती, म्हणजे पेशंटना उठवणं, बसवणं, चादरी बदलणं असं काम. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या प्रवेशासाठी आमचा हा एक विषय पास होणं आवश्यक होतं, आणि तो तिला जड जात होता. ड्यूटीवरून ती थेट वर्गात येई, कोटाच्या आत हॉस्पिटलचा फिकट निळा पोशाख तसाच असे. मी ठरवून दिलेल्या वेळेला शंका विचारायला येणारी ती एकटीच. मला ती ‘प्रोफेसर’ म्हणे. मी टीए आहे, प्रोफेसर नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ऑक्टोबरात पहिली मोठी परीक्षा झाली. पेपर तपासून मी ते मार्कांप्रमाणे लावले, सर्वांत कमी सगळ्यात वर. मग वर्गात टेबलामागे उभं राहून नाव आणि मार्क मोठ्याने वाचत एकेकाला बोलवायला सुरुवात केली. माझ्या सगळ्या शिक्षकांनी मला माझे पेपर असेच दिले होते. आमच्या शाळेत तो सोहळाच असे. खालून पहिला येणारा उगाच वाकून नमस्कार करी, सगळा वर्ग हसे, सर पाठीत एक धपका घालत आणि विषय संपे. दुसरी कुठली पद्धत असू शकते असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिलं नाव तिचं निघालं. मी तिचे मार्क वाचले आणि हसून म्हणालो, “तुम्ही तर वर्गात सगळ्यांत मोठ्या. तुम्हीच असं केलंत तर या मुलांनी काय करायचं?”

कोणी हसलं नाही. ती उठली, पेपर घेतला, जागेवर जाऊन त्याची घडी घातली. मी दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं. तेव्हा मागचा एक मुलगा टोपी काढून म्हणाला, “तुम्ही ते नुसते वाटून टाकाल का, प्लीज?” मला तो उद्धटपणा वाटला. मी राहिलेले सगळे वाचले.

तास संपल्यावर ती जाताना ‘थँक यू’ म्हणाली. त्यानंतर ती आली नाही.

घरी मी सहज हे पार्टनरला सांगितलं. तो कांदा चिरता चिरता थांबला.

“मोठ्याने वाचले? सगळ्यांचे?”

“मग कसे देतात?”

“काय करून राहिला बे तू! इथे मार्क म्हणजे खासगी मामला आहे. बाप फी भरतो, त्याला पण सांगत नाहीत. आमच्या डिपार्टमेंटात तर पेपर उलटा करून हातात देतात.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“वरून त्या बाईचं वय पण काढलं. वा, गुरुजी! उद्या सगळ्यांना कोंबडा करून बसव.”

मी हसलो. पण त्या दिवशी मला कळलं, आणि कळल्यावर मी काहीच केलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांनी मला बोलावलं. ती बाई त्यांच्याकडे गेली होती. तिला दुसऱ्या टीएचा गट हवा होता, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लागोपाठ दोन ड्यूट्या झाल्यामुळे ती परीक्षा पुन्हा देता येईल का, असं तिने विचारलं होतं. दोन्ही गोष्टी प्रोफेसरांच्या हातातल्या होत्या.

“ती म्हणते, तुम्ही तिचे मार्क वर्गात वाचून दाखवलेत आणि तिच्या वयावरून बोललात. असं झालं का?”

माझ्यासमोर तेव्हा जे आलं ते असं होतं: टीएचं काम गेलं की फीची माफी जाते, फी भरता आली नाही की व्हिसा जातो, आणि मी परत घरी. हे सगळं खरंच घडलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, “नाही, तसं काही घडलं नाही. पेपर देताना मी तिला अभ्यासाबद्दल दोन शब्द बोललो असेन. तशी ती बऱ्याचदा गैरहजर असते.”

त्या परीक्षेआधी ती दोनदाच गैरहजर होती, दोन्ही वेळा ड्यूटीमुळे, आणि दोन्ही वेळा तिने मला आधी सांगितलं होतं.

प्रोफेसर सज्जन होते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तिच्या दोन्ही मागण्या नाकारल्या. त्यांनी वर्गातल्या एकाही मुलाला विचारलं नाही, आणि ते विचारणार नाहीत हा माझा अंदाज होता.

डिसेंबरात, बर्फ साचलं होतं तेव्हा, गावातल्या एका मराठी काकूंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. काकू त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. मराठी विद्यार्थ्यांना त्या नेहमी बोलवत आणि डबे भरून परत पाठवत. पोळी वाढता वाढता त्यांनी विचारलं, “काय रे, तुमच्याकडे पहिल्या वर्षाला केमिस्ट्री कोण शिकवतं?”

“बरेच टीए आहेत,” मी म्हणालो.

“आमच्या वॉर्डातल्या एक बाई तुमच्याकडे शिकत होत्या. टीएनं भर वर्गात त्यांचे मार्क वाचले म्हणे. मी त्यांना तेव्हाच म्हटलं, तो नक्की इंडियन असणार. ही आपल्याकडचीच खोड.”

“मग?” पार्टनरने विचारलं. तो माझ्याकडे बघत होता.

“मग काय, त्यांनी तक्रार केली, तर प्रोफेसर म्हणाले असं काही झालंच नाही. त्यांनी कोर्स ड्रॉप केला. नर्सिंगचा फॉर्म गेला, आता पुढच्या वर्षी. मला त्याहून वाईट काय वाटलं सांगू? परवा त्या मला म्हणाल्या, डॉक्टर, कदाचित तसं झालंही नसेल. मी थकले होते, मीच जास्त मनाला लावून घेतलं असेल.” काकूंनी माझ्या ताटात बघितलं. “अरे, भाजी घे ना, नुसती पोळी काय खातोस?”

परत येताना पार्टनरने काकूंच्या डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, “मार्क वाचले ते मी समजू शकतो. माझे मास्तर पेपर फेकून मारत. पण तू नाही म्हणाला? तिला वेडं ठरवलं बे तू.”

पुढच्या सोमवारी मी प्रोफेसरांकडे गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हे आता का सांगता, असं विचारलं. मी जेवणाच्या वेळचा प्रसंग सांगितला. त्यांनी माझ्यासमोरच नर्सिंग विभागाला फोन केला, पण प्रवेशाच्या जागा भरल्या होत्या. पुढच्या सत्रात मला वर्ग मिळणार नाही, प्रयोगशाळेतल्या बाटल्या आणि काचसामान सांभाळायचं, असं ते म्हणाले. म्हणजे फीमाफी राहिली होती. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि तिचं वर्ष गेल्याचं पक्कं झालं त्याच खोलीत ते वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

“मी तिची माफी मागणार आहे,” प्रोफेसर म्हणाले. “पण आधी तुम्ही जा.”

तिला कुठे गाठायचं हे विचारायला काकूंना फोन करावा लागला, म्हणजे त्यांनाही सांगावं लागलं.

“तूच होय,” त्या म्हणाल्या. “चौथा मजला. तीनला त्यांची ड्यूटी संपते. आणि हे बघ, तिथे जाऊन आमच्या इंडियात असंच असतं, हे पुराण सांगत बसू नकोस.”

मी नेमकं तेच सांगायचं ठरवलं होतं. इंग्रजीत वाक्यं तयार होती, आमच्या शाळा, आमचे सर, पाठीतला धपका. बसमध्ये मी ती एकेक करून काढून टाकली. मग सांगण्यासारखं फार थोडं उरलं.

चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर खुर्च्यांची रांग होती. ती कोट घालून बाहेर आली आणि मला बघून थबकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “प्रोफेसर,” ती म्हणाली, “तुमचं कोणी इथे ॲडमिट आहे का?”

आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. मी अजूनही शिकवतो, पेपर उलटा करून हातात देतो. त्या दिवशी मी खुर्च्यांची रांग ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“नाही,” मी म्हणालो. “मी तुम्हाला भेटायला आलोय. मी प्रोफेसर नाही, विद्यार्थी आहे. त्या दिवशी मी तुमचे मार्क सगळ्यांसमोर वाचले आणि तुमच्या वयावरून बोललो. ते खरंच घडलं. तुम्हाला नीट आठवतंय. प्रोफेसरांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, माझी नोकरी जाईल म्हणून, आणि त्यामुळे तुमचं वर्ष गेलं. ते मला परत देता येणार नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुमची माफी मागतो.”