शनिवारी गाडीला सुट्टी

रूबेनकाका घरापर्यंत पोचले तरी दोन मिनिटं घरी पोचत नसत. गाडी दारात उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालू ठेवून मांडीवर हात घेऊन आतच बसून राहायचं. लंडनजवळच्या रीडिंग गावात मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या खिडकीखाली हा प्रकार तीनदा झाला. मी घरून काम करत होते, कानाला हेडफोन, कॉलवर मॅनेजर, आणि खाली ती दोन दारांची चिमुकली लाल गाडी गुरगुरत होती. तिसऱ्या वेळी मी स्लिपरवरच खाली गेले आणि काचेवर टकटक केलं. आत लोकरी टोपी घातलेले सत्तरीपुढचे गृहस्थ बसले होते. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "टू मिनिट्स, डियर." मी वळता वळता पुटपुटले, "काय वैताग आहे." मागून उत्तर आलं, "वैताग नव्हे गं, तेल थंड होतंय."

मी उडालेच. थळकर त्यांचं आडनाव, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जन्म भायखळ्याचा. विशीत लंडनला आले आणि चाळीस वर्षं बसच्या डेपोत फिटर होते. मुलगी मँचेस्टरला, तिच्याशी बोलणं इंग्रजीत. बायको गेल्यापासून त्यांच्या मराठीला माणूस नव्हतं. ती मराठी विमानात बसली त्या दिवशी जशी होती तशीच राहिली होती. रविवारला आयतवार, गाडीला मोटार. माझी नागपुरी ऐकून त्यांना भारी मजा वाटायची. "काका, तुम्ही काय करून राहिले?" असं मी विचारलं की म्हणायचे, "राहिलो नाही, करतोय. तू राहिली आहेस, जरा पाना दे."

टर्बो म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा गरगरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून एवढीशी गाडी एवढी पळते. तो पंखा तापून लाल होतो. पळवून आणून लगेच किल्ली फिरवली तर आतलं तेल फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी जळतं. "धावत आलेल्या माणसाला दारात जरा दम खाऊ देतो की नाही आपण?" काका विचारायचे. तेलाच्या बाबतीत ते फार हळवे होते. "आमच्या लोकांना अलिबागकडे शनवार तेली म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी घाणा बंद. मी फक्त तेल बदललं, वार तोच ठेवला."

डेपोत त्यांनी शेकडो बस दुरुस्त केल्या, पण चालवल्या त्या आवारात, ताशी पाच मैलांनी. रीडिंगपासून दोन तासांवर एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीचा ट्रॅक केलाय. ठरावीक दिवशी कोणीही आपली साधी गाडी घेऊन जावं, हेल्मेट घालावं आणि मनसोक्त पळवावी. काकांना तिथं जायचं होतं. "एक फेरी मारायची. पण नीट," ते म्हणाले होते. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यातल्या "पण नीट"ने आमची तीन वर्षं खाल्ली.

मी त्यात ओढली गेले ती लॅपटॉपमुळे. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. गाडीला लॅपटॉप जोडून तिचे आकडे वाचायला त्यांना कोणीतरी हवं होतं, आणि मला आठवड्यातून एकदा तरी मराठी बोलायला कोणीतरी हवं होतं. पहिल्याच महिन्यात मी त्यांना सांगितलं, इंजिनाच्या संगणकातले चार आकडे बदलले की गाडी कितीतरी जास्त जोर काढेल, दहा मिनिटांचं काम आहे. काका म्हणाले, "दहा मिनिटांचंच आहे ना, मग ते कुठे पळून जातंय? आधी तिला थांबायला शिकवू, मग पळवायचं बघू."

त्या थांबायला शिकवण्यात पहिलं वर्ष गेलं. ब्रेकचे पॅड, ब्रेकचं तेल, ब्रेकच्या नळ्या. बसवलेलं सगळं त्यांनी तीनदा उघडलं, कारण पायाला "बेस वाटत नव्हतं". दुसरं वर्ष टायर आणि चाकांच्या सांध्यातल्या रबरी बुशांत गेलं. तिसऱ्या वर्षी तेल थंड ठेवणारा कूलर आला, तो बसेना, म्हणून त्याची पट्टी घरी घासून केली, ती आवडली नाही, म्हणून दुसरी केली. शिवाय गाडी ट्रॅकपुरती नको होती. "ज्या मोटारीने जायचं तिनेच परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी दूध आणायलाही तीच." प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवायलाच हवा, आणि तो फोन माझ्याकडे. अर्धा अर्धा तास संगीत ऐकून मी कुणा मुलीला स्पेलिंगसकट सांगायची की आम्ही बुश बदललेत. ती विचारायची, त्यामुळे गाडी जास्त पळते का? मी दात आवळून सांगायची, नाही, अजून तरी अजिबात नाही.

आणि हे सगळं फक्त रविवारी. सकाळी दहाच्या आत शेजारी हातोडा ऐकून घेत नसत, हिवाळ्यात चारला अंधार, आणि मधल्या वेळात पाऊस. शनिवारी मी मोकळी. शनिवारी हमखास ऊन. पण त्यांचा शनवार शुक्रवारी संध्याकाळीच लागायचा. सूर्य मावळायच्या आत काका गॅरेजला कुलूप लावायचे, लाल दोऱ्यात ओवलेली गाडीची आणि गॅरेजची किल्ली घेऊन माझ्या दारात यायचे आणि आतल्या खुंटीला स्वतःच्या हाताने अडकवायचे. "माझ्याकडे राहिली तर हात शिवशिवतात. तुझ्याकडे असली की मी निर्धास्त. शनवारी मोटारीला सुट्टी, मला सुट्टी, तुलाही सुट्टी." रविवारी सकाळी किल्ली न्यायला यायचे. मी शनिवारभर त्या किल्लीसमोरून जा-ये करायची आणि चरफडायची. तीन वर्षांत असे किती कोरडे, लख्ख शनिवार वाया गेले ते माझं मला माहीत.

मग गेल्या ऑक्टोबरात काकांनी एके दिवशी एकदम जाहीर केलं, "पुढच्या सोमवारी जाऊ. नाव नोंदव." ज्या माणसाला एक पट्टी घासायला सहा आठवडे लागले होते त्याला एवढी घाई कशाची, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला फक्त आनंद झाला, आणि त्या आनंदात मी शहाणपणा करायला निघाले.

धुराच्या नळीला दोन सायलेन्सर होते, एक मधे, एक मागे. मधला काढून तिथं सरळ पाईप लावला की धूर सुसाट बाहेर पडतो आणि टर्बोला जोर चढतो. काकांनी दोनदा नाही म्हटलं होतं. तसा पाईप मी कधीच मागवून कपाटात ठेवला होता. शुक्रवारी आम्ही गाडीची सगळी बांधाबांध केली, काकांनी किल्ली खुंटीला लावली, आणि शनिवारी सकाळी मी ती काढली. काम तासाभराचंही नव्हतं. बोल्ट सुरळीत निघाले, कारण काकांनीच ते वर्षभरापूर्वी ग्रीस लावून ठेवले होते. गाडी सुरू केली, फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. ट्रॅकच्या मर्यादेच्या आत. माझ्यावर खूश होत मी किल्ली परत खुंटीला लावली. रविवारी काकांनी गाडीला हात लावला नाही. दिवसभर मलिदा करत बसले. नवीन कामाला निघताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, वेलची असा मलिदा करायची त्यांच्याकडे रीत आहे.

सोमवारी पहाटे त्यांनी गाडी सुरू केली आणि हात तसाच किल्लीवर राहिला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. त्यांना काय कळणार नव्हतं?

"कधी केलंस?"

"शनिवारी," मी म्हटलं. "सरप्राइज म्हणून, काका."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं जुना सायलेन्सर टेकवून ठेवला होता. "तिथं आवाजाला मीटर लावतात, माहीत आहे ना?"

"मी मोजलंय. बसतंय मर्यादेत."

"तू मोजलंस ना?"

"मोजलं, काका."

"मग चल," ते म्हणाले, आणि उठून बाजूच्या सीटवर जाऊन बसले. "रस्त्याने तू चालव. मी हात ट्रॅकसाठी राखून ठेवतो." तीन वर्षांत त्यांनी मला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतं. मला तो माझा मान वाटला.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. फाटकाशी एक दाढीवाला मार्शल मीटर घेऊन उभा. मी माझा फोन गाडी नुसती उभी असताना, चार पावलांवरून धरला होता. त्याने मीटर नळीच्या तोंडापाशी, हातभर अंतरावर धरला आणि आता स्टिअरिंगवर बसलेल्या काकांना इंजिन पाऊण ताकदीपर्यंत चढवायला सांगितलं. मर्यादेपेक्षा चार डेसिबल जास्त. आजूबाजूच्या गावांशी त्यांचा करार असतो, एकाही गाडीला सूट नाही. त्याने बिचाऱ्याने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तर मीटर उगाच जरा मागे घेतल्यासारखं मला वाटलं. "सॉरी लव्ह, कान्ट लेट यू आउट," तो मला म्हणाला, काकांकडे त्याने बघितलं नाही.

"जुना घेतलायस बरोबर?" काकांनी विचारलं.

जुना सायलेन्सर घरी भिंतीला टेकलेला होता. जायला दोन तास, यायला दोन, आणि चारला ट्रॅक बंद. मी वेड्यासारखी लोकांच्या गाड्यांपाशी हिंडले, आवाज दाबायला नळीत घालण्यासारखं काही आहे का विचारत. कुणाकडे होतं ते बसेना. ज्या मुलीचा पगार तपासणी करण्यावर चालतो तिला साधी एक तपासणी धड करता आली नव्हती. मी परत आले तेव्हा काका कुंपणाशी उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. "ही जी आत्ता गेली, तिचा पट्टा सुटणार आहे," ते म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी माझ्या हातावर मलिदा ठेवला. ते एक अक्षर लागट बोलले असते तर बरं झालं असतं.

परततानाही त्यांनी मलाच चालवायला सांगितलं. घरी आल्यावर मी इंजिन बंद करायला गेले, तर म्हणाले, "दोन मिनिटं." गाडी त्या दिवशी पळाली कुठे होती? तरीही आम्ही दोन मिनिटं बसलो.

गुरुवारी त्यांची डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी होती हे मला शुक्रवारी कळलं, किल्ली द्यायला आले तेव्हा. समोर बघितलं की मधोमध धूसर ठिपका दिसायचा, उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं होतं आणि काकांनी लायसन पाकिटात घालून परत पाठवूनही टाकलं होतं. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, लहान मूल रस्त्यावर येत नाही. तेवढी एक फेरी मारता येईल, असा त्यांचा हिशेब होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"मला सांगितलं का नाही तुम्ही? सांगितलं असतं तर मी त्या पाईपला हात लावला नसता."

"माझ्या डोळ्यांची दया येऊन लावला नसतास," काका म्हणाले. "शनवार होता, म्हणून लावायचा नव्हता." एवढं बोलून त्यांनी नेहमीसारखी किल्ली खुंटीला अडकवली. खुंटी चुकली, दुसऱ्यांदा सापडली. मी हात पुढे केला नाही, तेवढी अक्कल मला आली होती.

रविवारी आम्ही जुना सायलेन्सर परत बसवला. त्यांनी बहुतेक बोल्ट चाचपूनच आवळले. मी म्हटलं, पुन्हा जाऊ, मी चालवते, तुम्ही बाजूला बसा. "बाजूला बसायचं तर मी बसने जातो," ते म्हणाले. मी आणखी तीनदा विचारलं, तिन्हीदा हेच उत्तर. फेब्रुवारीत मुलगी येऊन त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी गाडी माझ्या नावावर केली आणि तेल बदलून ठेवलं. त्यांच्या एका फेरीची वाट मीच अडवली, हे मी कुणाला सांगायला जात नाही, पण स्वतःपासून लपवतही नाही.

गाडी आता तयार आहे, त्यांच्या अर्थाने नीट. ट्रॅकवाल्यांचे ईमेल येत राहतात. माझा मॅनेजर सोमवारची रजा देत नाही, आणि ईमेलमध्ये दर वेळी तेच असतं: शनिवारी जागा शिल्लक, हवा कोरडी. मी वाचते, चरफडते आणि लॅपटॉप मिटते.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मँचेस्टरहून फोन येतो. तब्येत, हवा, नातवंडं यातलं काही नसतं.

"किल्ली कुठाय?"

"खुंटीला आहे, काका."

"बेस," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.